पेनिकीज बेटावरची शाळा

८ जुलै १८७३ या दिवशी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड बंदरातून एक छोटी आगबोट पेनिकीज नावाच्या बेटाकडे निघाली. बोटीवर सुमारे पन्नास प्रवासी होते. त्यांत शाळांचे शिक्षक होते, कॉलेजांत शिकवणारे होते आणि बऱ्याच शिक्षिकाही होत्या. उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःच्या गावी विश्रांती घ्यायची सोडून ही मंडळी पुन्हा विद्यार्थी व्हायला निघाली होती.

बेट म्हणजे पाऊणशे एकरांचा खडक आणि गवत. झाडे जवळजवळ नाहीतच. शाळेची इमारत अजून अर्धवट होती. आदल्या शनिवारी तर भिंती आणि जमिनीचेही काम अपुरे होते. तेव्हा शाळेच्या प्रमुखांनी सुतारांना गोळा करून विचारले, ‘उद्या रविवार आहे, पण शिक्षक येऊन पोचतील. काम कराल का?’ रविवारी काम न करण्याचा त्या काळी कडक प्रघात होता. तरीही सगळे सुतार कामाला आले. गुरांच्या रिकाम्या कोठाराला झाडून पुसून जेवणघर बनवले गेले. शाळेचे उद्घाटन तिथेच झाले. तुळयांवर भिंगऱ्यांची घरटी होती आणि सोहळा चालू असताना त्या डोक्यावरून ये-जा करीत होत्या.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वर्गाबाहेर, प्रत्यक्ष प्राण्यांच्या सहवासात शिकावे हे आज कुणालाही पटते. अभ्यासक्रमांत ‘क्षेत्रभेट’ हा शब्द असतोच. पण ही कल्पना आली कुठून, तिची किंमत काय, आणि ती मनापासून राबवली तर काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर पेनिकीजच्या शाळेची गोष्ट माहीत असायला हवी. ही शाळा फक्त दोन उन्हाळे चालली.

माशाकडे पाहणारा शिक्षक

शाळेचे प्रमुख होते लुई आगासी. जन्म १८०७, स्वित्झर्लंड. पॅरिसला क्यूव्हिए या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली काही काळ काम केलेला हा तरुण जीवाश्म माशांवरील ग्रंथांमुळे युरोपभर गाजला. एके काळी उत्तरेकडील मोठा भूभाग बर्फाखाली होता, ही हिमयुगाची कल्पना त्यांनी १८३७ मध्ये जाहीरपणे मांडली. १८४६ मध्ये ते अमेरिकेत आले आणि लवकरच हार्वर्डला प्राध्यापक झाले. तिथले तौलनिक प्राणिशास्त्राचे संग्रहालय १८५९ मध्ये त्यांनीच उभे केले.

त्या वेळी शाळा-कॉलेजांत जीवशास्त्र कसे शिकवीत, याची कल्पना आपल्याला सहज करता येईल. पुस्तकातला उतारा पाठ करायचा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांसमोर म्हणून दाखवायचा. शिक्षकांनीही तो तसाच पाठ केलेला असे. ज्या प्राण्याबद्दल दोघे बोलत, तो दोघांपैकी कुणीच पाहिलेला नसे.

आगासींची रीत अगदी उलटी होती. १८५०च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल स्कडर नावाचा विद्यार्थी त्यांच्याकडे आला. त्याला कीटकांचा अभ्यास करायचा होता. आगासींनी बरणीतून अल्कोहोलमध्ये ठेवलेला एक मासा काढला, त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितले की याच्याकडे पाहा, काय दिसले ते मी नंतर विचारीन. एवढे सांगून ते निघून गेले.

दहा मिनिटांत स्कडरला वाटले की पाहण्यासारखे होते ते सगळे पाहून झाले. प्राध्यापक तर कुठे दिसेनात. भिंग वापरायला बंदी, इतर उपकरणांनाही बंदी. दोन हात, दोन डोळे आणि मासा. कंटाळून त्याने माशाच्या घशात बोट घालून दातांची धार पाहिली, खवल्यांच्या ओळी मोजल्या. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन चित्र काढायला बसला आणि चकित झाला, कारण चित्र काढताना आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. आगासी परत आले, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की सर्वांत ठळक गोष्ट तुला दिसलेलीच नाही. पुन्हा पाहा! स्कडर रात्रभर विचार करीत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, ‘माशाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत आणि अवयव जोडीने आहेत, हेच का ते?’ आगासींना आनंद झाला. आता पुढे काय करू, असे स्कडरने विचारले. उत्तर तेच मिळाले : मासा पाहा.

असे तीन दिवस गेले. मग पहिल्या माशाशेजारी त्याच गटातला दुसरा मासा आला, मग तिसरा. सारखेपणा कुठे, फरक कुठे, याची तुलना सुरू झाली आणि माशांचा हा अभ्यास आठ महिने चालला. पुढे कीटकशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या स्कडरने लिहून ठेवले आहे की आपल्याला मिळालेला हा सर्वांत मोलाचा धडा होता.

या प्रसंगात शिक्षकाने काय केले, ते नीट पाहू. त्याने माहिती दिली नाही, पण विद्यार्थ्याला वाऱ्यावरही सोडले नाही. तो परत आला, त्याने ऐकून घेतले, ‘अजून काहीतरी राहिले आहे’ एवढेच सांगितले आणि पुढची वस्तू योग्य वेळी समोर ठेवली. मासा कोणता द्यायचा आणि त्याच्यानंतर कोणता, हा निर्णय शिक्षकाचा होता आणि त्यामागे आयुष्यभराचा अभ्यास होता. ‘हात न लावता शिकवणे’ दिसते तितके सोपे नसते.

बेटावरचा उन्हाळा

समुद्रकिनारी शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग काढावा, ही कल्पना मूळची आगासींचे विद्यार्थी नॅथॅनियल शेलर यांची. आगासींनी ती उचलून धरली. वर्तमानपत्रात त्याविषयी वाचून न्यूयॉर्कचे तंबाखूचे धनाढ्य व्यापारी जॉन अँडरसन यांनी आपले पेनिकीज बेट आणि वर ५०,००० डॉलर देऊ केले. एका मित्राने ‘स्प्राइट’ नावाची शिडाची नौका दिली. समुद्रतळ खरवडून नमुने आणण्याचे काम त्या नौकेवरून चाले.

दिवसाचा काही भाग व्याख्यानांत जाई, पण खरे काम किनाऱ्यावर आणि टेबलापाशी होते. ओहोटीला खडकांमधली डबकी धुंडाळायची, जाळ्यातून काय काय वर आले ते निवडायचे, पाण्याच्या भांड्यात प्राणी जिवंत ठेवायचे, त्यांच्याकडे तासन्‌तास पाहायचे, कापून आत पाहायचे, चित्र काढायचे. तारामासा चालतो कसा, सी-अर्चिन काट्यांचा उपयोग कशाला करतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो आपल्या तळहातावरून सरकताना पाहणे वेगळे. बरीच वर्षे विज्ञान शिकवलेल्या कित्येक शिक्षकांनी यांतले काही प्राणी प्रथमच जिवंत पाहिले. निसर्गाचा अभ्यास करा, पुस्तकांचा नव्हे, अशा अर्थाची पाटी तिथे लावलेली होती.

या पाटीचा अर्थ पुस्तके टाकून द्या असा नाही. आगासींनी स्वतः जाडजूड ग्रंथ लिहिले होते. पुस्तकात जे लिहिले आहे ते कुणीतरी, कधीतरी, कशाकडे तरी पाहून लिहिले आहे, हे शिक्षकाला स्वतःच्या अनुभवातून कळावे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला ते कळले, तो पुस्तक वेगळ्या तऱ्हेने वाचतो आणि वेगळ्या तऱ्हेने शिकवतोही.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला आगासी वारले. १८७४ चा उन्हाळी वर्ग त्यांचे पुत्र अलेक्झांडर आगासी यांच्या देखरेखीखाली झाला. पण बेट एका बाजूला, ये-जा अवघड आणि खर्च भागेना. शाळा बंद पडली. पुढे इमारतही आगीत गेली आणि १९०५ ते १९२१ या काळात त्याच बेटावर कुष्ठरोग्यांचे रुग्णालय होते.

शाळा मिटली, विद्यार्थी उरले

बेटावर आलेल्यांपैकी काही नावे पाहू. बोस्टनच्या एका हायस्कुलात शिकवणारे चार्ल्स व्हिटमन तिथून इतके भारावून गेले की पुढे जर्मनीला जाऊन त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विल्यम ब्रुक्स जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८७८ मध्ये त्यांनी चेसापीक उपसागरावर विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रयोगशाळा सुरू केली आणि अमेरिकन कालवाची अंडी मादीच्या शरीराबाहेर, खुल्या पाण्यात वाढतात हे दाखवून दिले. आनुवंशिकतेवरील कामासाठी १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे टी. एच. मॉर्गन हे या ब्रुक्स यांचेच विद्यार्थी. बावीस वर्षांचे डेव्हिड स्टार जॉर्डन मत्स्यशास्त्रज्ञ झाले आणि नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष.

१८७४ च्या वर्गाला कॉर्नेलिया क्लॅप आल्या होत्या. माउंट होल्योक या मुलींच्या शिक्षणसंस्थेत त्या शिकवीत. परत गेल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा तास पुस्तकातून बाहेर काढून प्रयोगशाळेत आणि रानात नेला. मुलींनी विज्ञान शिकावे की नाही यावरच वाद चालू असण्याचा तो काळ होता. त्यात क्लॅपबाईंनी मुलींच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा रीतीने तयार केल्या.

१८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच किनाऱ्यावर, वुड्स होल या गावी सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. तिच्यासाठी पैसे उभारण्यात बोस्टनच्या स्त्रियांच्या एका शिक्षणसंघटनेचा मोठा वाटा होता. प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले व्हिटमन. पहिल्याच उन्हाळ्यात क्लॅपबाई तिथे दाखल झाल्या. संशोधन आणि शिक्षण एकाच छपराखाली चालले पाहिजे, असा व्हिटमन यांचा आग्रह होता. शिकाऊ विद्यार्थी आणि नामवंत शास्त्रज्ञ एकाच बादलीतून प्राणी उचलीत. ही प्रयोगशाळा आजही चालू आहे. पेनिकीजची शाळा विझली नाही, ती जागा बदलून वाढली, असे म्हणता येईल.

गुरूला न दिसलेले

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही सत्कार-समारंभात सांगता येईल अशी आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे, आणि शिक्षकांनी विचार करण्यासारखी तीच जास्त आहे.

आगासींनी संग्रहालय उभारले त्याच वर्षी, १८५९ मध्ये, डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला. आगासींनी उत्क्रांती शेवटपर्यंत मान्य केली नाही. प्रत्येक जाती म्हणजे ईश्वराच्या मनातला एक विचार, ती आहे तशीच निर्माण झाली, अशी त्यांची धारणा होती. १८७२ मध्ये ‘हॅसलर’ या जहाजावरून ते गॅलापॅगस बेटांवरही जाऊन आले. डार्विन यांना ज्या बेटांनी विचार करायला लावले, तीच बेटे आगासींनी पाहिली, पण मत बदलले नाही.

गंमत अशी की त्यांच्या शिष्यांनी मात्र मत बदलले. शेलर यांनी आठवणींत सांगितले आहे की डार्विनच्या विचारांची चर्चा ते मित्रांबरोबर चोरून करीत, जणू काही धर्मद्रोहच चालला आहे. जॉर्डन यांनी स्वतःची थट्टा केली आहे : एखादे पोर मांजराला शेपटीला धरून सतरंजीवरून ओढते, तसे आपण उत्क्रांतिवाद्यांच्या बाजूला गेलो! नखे रुतवत गेले, पण गेले. खुद्द अलेक्झांडर आगासी यांनीही वडिलांचे मत उचलले नाही. उत्क्रांती कशी घडते याविषयी या शिष्यांचे आपसांत मतभेद होते, काहींना डार्विनचे स्पष्टीकरण पटलेही नव्हते. पण जाती बदलतात, एवढे जवळजवळ सर्वांनी मान्य केले.

हे कसे घडले? उत्तर स्कडरच्या माशातच आहे. एकाशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा मासा ठेवून साम्य आणि फरक पाहायला ज्याला शिकवले, त्याला कधीतरी प्रश्न पडणारच की हे साम्य आले कुठून. आगासींनी विद्यार्थ्यांच्या हाती वस्तू दिली आणि स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला सांगितले. त्यानंतर निष्कर्ष गुरूच्या ताब्यात राहिला नाही. पाठांतराच्या पद्धतीत शिक्षक सुरक्षित असतो, कारण विद्यार्थी त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. वर्गाबाहेर नेणारा शिक्षक ती सुरक्षितता सोडून देतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगताना मन खंतावते. मानवी वंश वेगवेगळे निर्माण झाले आहेत आणि ते सारख्या दर्जाचे नाहीत, असे आगासी मानीत. त्याचा पुरावा म्हणून १८५० मध्ये त्यांनी दक्षिण कॅरोलायना राज्यात सात गुलाम स्त्री-पुरुषांची विवस्त्र किंवा अर्धनग्न छायाचित्रे काढवून घेतली. त्या माणसांची संमती विचारण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. एका माशाकडे तीन दिवस पाहायला लावणाऱ्या या माणसाने या सात जणांकडे मात्र उत्तर आधी ठरवून पाहिले. आणि हा दोष त्यांच्यापुरताच नव्हता. जॉर्डन यांनी गुरूचे उत्क्रांतीविषयीचे मत सोडले, पण पुढे ‘सुप्रजननशास्त्रा’च्या नावाखाली माणसांत चांगले-वाईट रक्त ठरवू पाहणाऱ्या चळवळीचा जोरदार प्रचार केला. म्हणजे निसर्ग बारकाईने पाहायला शिकलेला माणूस माणसांकडेही तसाच पाहील, याची हमी नाही. ते वेगळे शिकावे आणि शिकवावे लागते.

या कहाणीचा एक धागा मात्र पुन्हा वुड्स होलच्या किनाऱ्यावर येतो. १९०९ पासून अर्नेस्ट एव्हरेट जस्ट नावाचे एक तरुण प्राध्यापक दर उन्हाळ्यात तिथे येऊ लागले. जन्म दक्षिण कॅरोलायनाचाच, आणि कृष्णवर्णीय. सागरी कृमी आणि सी-अर्चिनसारख्या प्राण्यांच्या अंड्यांचे फलन हा त्यांचा विषय. अंडी कशी हाताळावीत, पाण्याचे तापमान आणि भांड्यांची स्वच्छता कशी सांभाळावी, निरोगी अंडे कोणते आणि बिघडलेले कोणते, हे जस्ट यांच्याइतके तिथे क्वचितच कुणाला कळे. मोठमोठे संशोधक त्यांचा सल्ला घेत. अंड्याच्या पृष्ठभागाला फलनात आणि वाढीत महत्त्वाचे काम असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. तरीही वर्णामुळे त्यांना अमेरिकेतील कुठल्याही मोठ्या संशोधन विद्यापीठात जागा मिळाली नाही, आणि १९२९ नंतर ते काम करण्यासाठी युरोपकडे वळले. आगासींच्या वंशविषयक मतांना जस्ट यांच्या टेबलावरच्या कामाइतके स्पष्ट उत्तर दुसरे नसेल. आणि ते टेबल पेनिकीजहून आलेल्या परंपरेतलेच होते.

आपल्यापाशी काय आले

इंग्लंडमध्ये साधारण याच सुमारास, १८७१ मध्ये, डार्विनचे खंदे समर्थक टी. एच. हक्सली यांनी शाळामास्तरांसाठी लंडनला उन्हाळी वर्ग घेतला. तिथेही भर प्रत्यक्ष कामावर होता, पण रीत वेगळी होती. निवडक नमुने घ्यायचे, यीस्ट, अमीबा, हायड्रा, शिंपला, झिंगा, बेडूक, आणि प्रत्येकाचा ठरावीक क्रमाने, सूक्ष्मदर्शकाखाली आणि विच्छेदन करून अभ्यास करायचा. १८७५ मध्ये मार्टिन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात हा क्रम छापला गेला. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गाला चालेल अशी ही सोय होती, म्हणून ती जगभर पसरली आणि ब्रिटिश अमदानीत आपल्या कॉलेजांतही आली. मेणाच्या तबकातला टाचण्या टोचलेला बेडूक आणि झुरळ ज्यांनी आपल्या पदवीच्या वर्षांत पाहिले, ते हक्सलींचेच दूरचे विद्यार्थी.

हक्सलींच्या मूळ वर्गात पाहण्याला महत्त्व होते. परीक्षेच्या साच्यात आल्यावर पाहणे कमी झाले आणि पुस्तकातल्या आकृतीसारखी आकृती वहीत उतरवणे उरले. समोरच्या बेडकात वेगळे काही दिसले तर विद्यार्थी बेडूक चुकला असे समजे, आकृती नव्हे! २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितले. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण मग प्रश्न उरतो : जीवशास्त्राची पदवी घेणारा विद्यार्थी जिवंत प्राण्याला भेटणार कुठे? पडद्यावरच्या चित्रात दिसते ते कुणीतरी आधीच पाहून, निवडून ठेवलेले असते.

उत्तर वर्गाबाहेरच आहे. त्यासाठी बेट लागत नाही आणि प्राण्याला मारावेही लागत नाही. कॉलेजच्या आवारातली मुंग्यांची रांग, गावचे तळे, पावसाळ्यात साचलेले डबके, कोकणात असाल तर ओहोटीचा खडकाळ किनारा, एवढे पुरते. पाहून झाल्यावर प्राणी जिथला तिथे सोडावा. मात्र क्षेत्रभेट म्हणजे सहल आणि नावांची यादी असे होऊ नये. एकच प्राणी, एकच जागा, पुन्हा पुन्हा पाहणे, पेन्सिलीने काढणे, मग शेजारी दुसरा ठेवून तुलना करणे, हा क्रम दीडशे वर्षांपूर्वी जितका उपयोगी होता तितकाच आज आहे.

आणि विद्यार्थी परत येऊन म्हणाला, ‘सर, पुस्तकात आहे तसे मला दिसले नाही,’ तर त्याला गप्प बसवू नये. त्याच्याबरोबर जाऊन पुन्हा पाहावे. कदाचित त्याची चूक असेल, कदाचित पुस्तकाची, आणि कदाचित आपलीही. आगासींना स्वतःला ही तिसरी शक्यता पेलली नाही. पण त्यांनी उभी केलेली शाळा ती पेलू शकली.